दोन-तीन इंडिपेंडंट व्हेरिएबलचा सायकॉलॉजी एक्सपेरिमेंट: आखणीपासून निकाल वाचेपर्यंत

टी.वाय.च्या प्रॅक्टिकलला किंवा एम.ए.च्या डिझर्टेशनला दोन इंडिपेंडंट व्हेरिएबल (म्हणजे ज्यांचा परिणाम तपासायचा त्या गोष्टी) घेतले की सुरुवात छान होते, डेटा पण गोळा होतो, आणि मग सॉफ्टवेअर तीन एफ व्हॅल्यू (दोन व्हेरिएबलच्या मेन इफेक्टची म्हणजे एकट्याच्या परिणामाची एकेक, आणि दोघांच्या इंटरॅक्शनची एक) हातात देतं आणि गाडी तिथेच अडते. कुठली आधी वाचायची, एक सिग्निफिकंट (म्हणजे योगायोगाने क्वचितच येईल अशी) आली आणि दुसरी नाही आली तर काय म्हणायचं, इंटरॅक्शन आलं तर मेन इफेक्टचं काय करायचं. माझं स्पष्ट मत आहे की हा घोळ निकालाच्या वेळी होत नाही, तो आखणीच्या वेळीच होऊन बसलेला असतो, कारण दुसरा व्हेरिएबल नेमका कशासाठी घेतला हेच ठरलेलं नसतं. म्हणून या लेखात आखणीला जास्त जागा दिलीये आणि सॉफ्टवेअरला कमी.

दुसरा व्हेरिएबल लागतोच कशाला

१९६९ मध्ये मानसशास्त्रज्ञ झायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुरळांवर एक प्रयोग केला. झुरळ उजेडापासून पळतं, त्याला अंधाऱ्या जागेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो हे मोजायचं. एक व्हेरिएबल म्हणजे झुरळ एकटं आहे की आजूबाजूला दुसरी झुरळं आहेत, दुसरा म्हणजे वाट सरळ आहे की वळणावळणाची. सरळ वाटेवर सोबत असली की झुरळं लवकर पोचली आणि वळणाच्या वाटेवर सोबत असली की उशिरा. आता विचार करा, त्यांनी फक्त सरळ वाट घेतली असती तर निष्कर्ष आला असता की सोबतीने वेग वाढतो, फक्त वळणाची घेतली असती तर बरोब्बर उलटा. "सोबतीचा परिणाम काय" या प्रश्नाला एका ओळीचं उत्तरच नाही, उत्तर वाटेवर अवलंबून आहे, आणि हे "अवलंबून आहे" मोजायचं तर दोन्ही व्हेरिएबल एकाच प्रयोगात हवेत. यालाच इंटरॅक्शन म्हणतात. तुमच्या प्रश्नात असं अवलंबून असणं कुठेच नसेल तर दुसरा व्हेरिएबल घेऊ नका, एकच घ्या आणि तो नीट करा.

आधी चार सेलचं टेबल वाचता आलं पाहिजे

गॉडन आणि बॅडली यांचा १९७५ चा पाणबुड्यांचा (म्हणजे डायव्हरचा) प्रयोग यासाठी फार चांगला आहे. पाणबुड्यांना ३६ शब्दांची यादी ऐकवली, कधी किनाऱ्यावर कधी पाण्याखाली, आणि मग आठवायला लावली, ती पण कधी किनाऱ्यावर कधी पाण्याखाली. म्हणजे शिकण्याची जागा दोन लेव्हल (दोन प्रकार), आठवण्याची जागा दोन लेव्हल, २×२, एकूण चार सेल म्हणजे टेबलातले चार चौकोन. सरासरी आठवलेले शब्द असे:

शिकले किनाऱ्यावर, आठवले किनाऱ्यावर: १३.५
शिकले किनाऱ्यावर, आठवले पाण्याखाली: ८.६
शिकले पाण्याखाली, आठवले किनाऱ्यावर: ८.४
शिकले पाण्याखाली, आठवले पाण्याखाली: ११.४

कागद घ्या आणि हे हाताने करा, कॅल्क्युलेटर पण नको. शिकण्याच्या जागेचा मेन इफेक्ट म्हणजे आठवण्याची जागा विसरून सरासरी काढायची. किनाऱ्यावर शिकलेल्यांची (१३.५ + ८.६) भागिले २, म्हणजे ११.०५. पाण्याखाली शिकलेल्यांची ९.९. फरक जेमतेम एक शब्द. आठवण्याच्या जागेचं तसंच, १०.९५ आणि १०, परत फरक एका शब्दाच्या आसपास. इथेच थांबलात तर वाटेल जागेने काही होतच नाही.

आता इंटरॅक्शन. किनाऱ्यावर शिकलेल्यांच्या ओळीत किनारा वजा पाणी करा: १३.५ − ८.६ = ४.९. पाण्याखाली शिकलेल्यांच्या ओळीत तेच करा: ८.४ − ११.४ = −३.०. या दोन फरकांमधला फरक ४.९ − (−३.०) = ७.९. बस, इंटरॅक्शन म्हणजे हाच फरकांचा फरक, यापेक्षा गूढ काही नाही. दोन्ही ओळींत फरक सारखाच आला असता तर उत्तर शून्य आलं असतं आणि ग्राफवर दोन रेषा समांतर दिसल्या असत्या. शिकण्याची जागा आणि आठवण्याची जागा जुळली तर फायदा, हा प्रयोगाचा सगळा अर्थ त्या ७.९ मध्ये आहे, मेन इफेक्टमध्ये जवळजवळ काहीच नाही.

पायरी १: डेटा घ्यायच्या आधी चार आकडे लिहा

स्वतःचा प्रयोग करायचा तर मी याच प्रश्नाचं कॉलेजात जमणारं रूप सुचवेन. पाण्याच्या जागी कॅन्टीनचा गोंगाट. ग्रँट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हेच केलं होतं, वाचताना शांतता किंवा कॅन्टीनचा आवाज, परीक्षेच्या वेळी शांतता किंवा तोच आवाज, आणि जिथे दोन्ही वेळा सारखी परिस्थिती होती तिथे मार्क जास्त आले. मराठी उतारा घेऊन हे कुठल्याही कॉलेजात करता येतं.

हायपोथिसिस लिहिताना "गोंगाट आणि स्मरण यांत संबंध असेल" असं लिहू नका, त्याने काहीच ठरत नाही. चार चौकोन काढा आणि प्रत्येकात तुम्हाला अपेक्षित असलेला आकडा लिहा, अंदाजाने का होईना. २० मार्कांची टेस्ट असेल तर शांत-शांत १४, शांत-गोंगाट ११, गोंगाट-शांत ११, गोंगाट-गोंगाट १४, असं काहीतरी. आता फरकांचा फरक काढा, ६ आला. म्हणजे तुमचं भाकीत इंटरॅक्शनचं आहे, मेन इफेक्टचं नाही, हे आत्ताच कळलं. हा कागद तारीख टाकून गाईडला दाखवा आणि जपून ठेवा, पुढे निकाल वाचताना कुठली एफ व्हॅल्यू तुमची आणि कुठली फुकटात आलेली हे याच कागदावरून ठरतं.

पायरी २: कुठला व्हेरिएबल तुम्ही बदलला आणि कुठला माणूस घेऊन आला

यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण आपल्याकडच्या डिझर्टेशनमध्ये सगळ्यात जास्त दिसणारं डिझाइन म्हणजे मुलगे-मुली × शहरी-ग्रामीण, आणि खाली मोजलेलं काय तर समायोजन किंवा चिंता किंवा आत्मविश्वास. टेबल २×२ असतं, ॲनालिसिस पण टू-वे ॲनोव्हाच (दोन व्हेरिएबलच्या गटांच्या सरासऱ्यांची तुलना करणारी टेस्ट) असतं, पण तो एक्सपेरिमेंट नाही. कोणाला ग्रामीण करायचं हे तुम्ही चिठ्ठी टाकून ठरवलेलं नाही. ग्रामीण मुलांची शाळा वेगळी, घरचं उत्पन्न वेगळं, प्रश्नावलीची भाषा ओळखीची असण्याचं प्रमाण वेगळं, हे सगळं त्या एका शब्दात दडलेलं असतं. असा अभ्यास करू नये असं अजिबात नाही, तो महत्त्वाचा असू शकतो, पण निष्कर्षात "वास्तव्याचा चिंतेवर परिणाम होतो" लिहायचा हक्क मिळत नाही, "फरक आढळला" एवढंच.

एक व्हेरिएबल बदललेला आणि एक माणसाने आणलेला असं मिश्रण मात्र उपयोगी असतं. समजा गोंगाट तुम्ही चिठ्ठीने ठरवला आणि दुसरा व्हेरिएबल म्हणजे मुलं रोज आवाजात अभ्यास करतात की शांततेत. गोंगाटाबद्दल कारण-परिणामाची भाषा चालेल, सवयीबद्दल नाही, आणि इंटरॅक्शन आलं तर एवढंच म्हणता येईल की गोंगाटाचा परिणाम या दोन गटांत वेगवेगळा आहे, तो सवयीमुळेच वेगळा आहे असं नाही.

आणि चिंतेचे स्कोअर घेऊन मीडियनला (मधल्या स्कोअरला) कापून "जास्त चिंता" आणि "कमी चिंता" असे गट करायची पद्धत कृपया सोडा. ५० चा मीडियन असेल तर ४९ वाला आणि ५१ वाला वेगळ्या गटात जातात आणि ५१ वाला ८० वाल्याबरोबर बसतो. अख्खा स्कोअर ठेवा आणि रिग्रेशनमध्ये इंटरॅक्शन टर्म (दोन व्हेरिएबलचा गुणाकार) टाका, प्रश्न तोच राहतो आणि माहिती फेकली जात नाही.

पायरी ३: तीच माणसं की वेगवेगळी

प्रत्येक सेलला वेगळी माणसं म्हणजे बिट्वीन, सगळ्या सेलमधून तीच माणसं म्हणजे विदिन, एक व्हेरिएबल असा आणि एक तसा म्हणजे मिक्स्ड. पाणबुड्यांचा प्रयोग विदिन होता, प्रत्येक जण चारही परिस्थितींतून गेला. विदिनमध्ये कमी माणसांत काम होतं कारण माणसामाणसांतला स्मरणशक्तीचा फरक आपोआप बाजूला निघतो, पण क्रमाचा त्रास येतो, चौथ्या वेळेपर्यंत सराव झालेला असतो किंवा कंटाळा आलेला असतो. म्हणून क्रम फिरवायचा. चार परिस्थितींचे एकूण २४ क्रम होतात, सगळे लागत नाहीत, हे चार पुरतात: अ-ब-ड-क, ब-क-अ-ड, क-ड-ब-अ, ड-अ-क-ब. यात प्रत्येक परिस्थिती प्रत्येक जागी एकदा येते आणि कुठल्याही एकीच्या लगेच नंतर दुसरी कुठलीही बरोबर एकदाच येते, तपासून बघा. माणसांची संख्या चारच्या पटीत ठेवा म्हणजे क्रम सारखे वाटले जातात. चार परिस्थिती म्हणजे चार वेगळे उतारे पण लागतील, आणि ते पण फिरवायचे, नाहीतर सोपा उतारा कायम शांततेलाच चिकटून बसेल आणि तुम्ही शांततेचं कौतुक कराल.

उताऱ्याच्या प्रयोगाला मी बिट्वीन घेईन. एकदा टेस्ट दिली की मुलांना कळतं पुढे काय येणार आहे आणि दुसऱ्या वेळी वाचायची पद्धतच बदलते.

पायरी ४: किती माणसं

इथे मन घट्ट करून वाचा. दोन गटांचा साधा प्रयोग, मध्यम परिणाम म्हणजे कोहेनचा डी ०.५ (दोन सरासऱ्यांतला फरक स्टँडर्ड डेव्हिएशनच्या, म्हणजे स्कोअरच्या पसरणीच्या, अर्धा), पॉवर ८० टक्के (खरा परिणाम असेल तर तो सापडण्याची शक्यता), अल्फा ०.०५ (परिणाम नसताना तो आहे असं म्हणण्याची शक्यता), दोन बाजूंची टेस्ट, तर प्रत्येक गटात ६४ लागतात. आता त्याच परिणामाला दुसऱ्या परिस्थितीत शून्य करणारं इंटरॅक्शन शोधायचं असेल तर काय? शोधायचा फरक तेवढाच राहिला पण तो दोनऐवजी चार सरासऱ्यांतून काढायचा, त्यामुळे व्हेरियन्स (अनिश्चिततेचं माप) दुप्पट, म्हणजे प्रत्येक सेलला १२८ आणि एकूण ५१२. आणि परिणाम नुसता अर्धा होत असेल तर आकडा याच्याही चौपट. उलट परिणाम पूर्ण पालटत असेल, एका ओळीत अधिक ०.५ आणि दुसऱ्या ओळीत वजा ०.५, तर फरकांचा फरक दुप्पट होतो आणि सेलला ३२ म्हणजे एकूण १२८ पुरतात.

म्हणून पहिल्या पायरीचा तो कागद इतका महत्त्वाचा. तुमचं इंटरॅक्शन पालटणारं आहे की नुसतं कमी होणारं, यावर तुमचं डिझर्टेशन शक्य आहे की नाही हे ठरतं. प्रत्येक सेलला १५ जण घेऊन "परिणाम निम्मा होईल" असं इंटरॅक्शन शोधणं म्हणजे महिनाभराची मेहनत वाया घालवणं आहे, आणि मुलांना हे आधी कोणी सांगत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. माणसं कमीच मिळणार असतील तर विदिन करता येतं का बघा, किंवा व्हेरिएबलच्या लेव्हल एकमेकींपासून लांब घ्या, हलका आवाज आणि जरा जास्त आवाज असं नको, शांतता आणि खरा गोंगाट.

पायरी ५: प्रत्यक्ष करताना

चारही गटांना हेडफोन घालायला लावा, शांततेवाल्यांना सुद्धा, फक्त त्यांच्या हेडफोनमधून काही वाजणार नाही. ग्रँट यांच्या प्रयोगात हेच केलं होतं. नाहीतर तुम्ही गोंगाट विरुद्ध शांतता तपासत नाही, हेडफोन विरुद्ध बिनहेडफोन पण त्यात मिसळतं. गोंगाटाचं रेकॉर्डिंग एकच, सगळ्यांना त्याच आवाजावर, त्रास होणार नाही इतपत, आणि त्यात कुणाचं नाव किंवा सलग संभाषण ऐकू येत नाही ना हे आधी ऐकून बघा, नाहीतर मुलं ते ऐकत बसतात. वाचन आणि टेस्टच्या मध्ये दोनेक मिनिटं सगळ्यांना सारखी विश्रांती. टेस्टमध्ये आधी थोडक्यात उत्तरं आणि मग पर्यायवाले प्रश्न, उलट केलंत तर पर्यायांमधूनच उत्तरं आठवतात.

गटवाटणी आलेल्या क्रमाने करू नका, सकाळी येणारे एका गटात आणि जेवणानंतरचे दुसऱ्या गटात असं होऊन बसतं. चार चिठ्ठ्या एका पाकिटात, एक माणूस आला की एक काढायची, पाकीट संपलं की परत चार. याने सेल सारखे भरत जातात आणि मध्येच काम थांबलं तरी एकच सेल रिकामा राहत नाही. शेवटी प्रत्येकाला विचारा की वाचताना आवाज किती जाणवला, १ ते ७ मध्ये. गोंगाटवाल्यांनी पण २ दिला असेल तर तुमचा व्हेरिएबल बदललाच नव्हता आणि पुढचं ॲनालिसिस त्या नजरेनेच वाचावं लागेल. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती हे अर्थात या सगळ्याच्या आधी.

पायलट पाच-दहा जणांवर करायचाच आणि त्यात एकच गोष्ट नक्की बघायची, मार्क वर किंवा खाली चिकटले तर नाहीत ना. २० पैकी १९ जर शांततेत सगळ्यांनाच पडत असतील तर तिथे फरक दिसायला जागाच उरत नाही, गोंगाटाच्या ओळीत फरक दिसतो आणि शांततेच्या ओळीत दिसत नाही, आणि तुम्ही त्याला इंटरॅक्शन म्हणता. ते टेस्ट सोपी असल्याचं लक्षण आहे.

पायरी ६: सॉफ्टवेअर

हे पटकन. प्रत्येक माणसाची एक ओळ, एक कॉलम वाचतानाच्या परिस्थितीचा, एक टेस्टच्या परिस्थितीचा, एक मार्कांचा. जास्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात ॲनोव्हा उघडून मार्क डिपेंडंटमध्ये आणि दोन्ही व्हेरिएबल फिक्स्ड फॅक्टर्समध्ये टाका. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये जनरल लिनिअर मॉडेल आणि मग युनिव्हेरिएट. आउटपुटमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम (किती आकडे मोकळेपणी बदलू शकतात ते) आधी तपासा. सेलला ३२ असतील तर प्रत्येक इफेक्टची १ आणि एररची १२८ − ४ = १२४ यायला हवी, वेगळा आकडा आला तर डेटा भरताना काहीतरी चुकलंय. आर या प्रोग्रॅममध्ये साधं एओव्ही हे फंक्शन वापरत असाल आणि सेल असमान असतील तर व्हेरिएबल कुठल्या क्रमाने लिहिले यावर मेन इफेक्टचा निकाल बदलतो, जास्प आणि एसपीएसएसमध्ये मुळातच टाइप थ्री (क्रमावर अवलंबून नसलेली गणनेची पद्धत) असल्याने तो प्रश्न येत नाही.

पायरी ७: निकाल वाचायचा क्रम

पी व्हॅल्यूच्या (परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने येण्याच्या शक्यतेच्या) आधी ग्राफ. आडव्या अक्षावर एक व्हेरिएबल, दुसऱ्याच्या दोन रेषा, एरर बार (सरासरीची अनिश्चितता दाखवणाऱ्या उभ्या रेघा) लावलेले. मग उलट करून परत काढा, कधी कधी एका बाजूने रेषा एकमेकींना छेदत नाहीत आणि दुसऱ्या बाजूने छेदतात. मग इंटरॅक्शनची एफ, आणि ते सिग्निफिकंट असेल तर सिंपल इफेक्ट्स म्हणजे प्रत्येक ओळीत वेगळा फरक. मेन इफेक्ट सगळ्यात शेवटी. रेषा छेदत असतील तर मेन इफेक्ट ही अशी सरासरी असते जी कुठल्याच परिस्थितीत खरी नसते, ती आकड्यात द्या पण तिच्यावर परिच्छेद लिहू नका. रेषा छेदत नसतील, दोन्ही ओळींत परिणाम एकाच दिशेने पण कमी-जास्त असेल, तर मेन इफेक्ट बोलायला हरकत नाही.

सगळ्यात पसरलेली चूक अशी. शांततेत वाचलेल्यांमध्ये फरकाची पी व्हॅल्यू ०.०३ आली, गोंगाटात वाचलेल्यांमध्ये ०.०९, आणि मुलं लिहितात "परिणाम फक्त शांततेच्या गटात दिसला". नाही. एक सिग्निफिकंट आणि एक नाही याचा अर्थ ते दोन एकमेकांपासून वेगळे आहेत असा होत नाही, ते फरकांच्या फरकाची टेस्टच सांगू शकते. ही फक्त विद्यार्थ्यांची चूक नाही. न्यूवनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मोठ्या जर्नलमधले न्यूरोसायन्सचे पेपर तपासले, ज्या १५७ पेपरांत ही चूक होऊ शकत होती त्यातल्या ७९ पेपरांत ती झालेली होती, म्हणजे निम्म्याहून जास्त.

आणि एक बारीक पण खोल गोष्ट, मोजपट्टीची. समजा रिॲक्शन टाइममध्ये तरुणांचे सोप्या कामाला ५०० मिलिसेकंद आणि अवघड कामाला ६००, वयस्कांचे ८०० आणि ९६०. फरक १०० आणि १६०, म्हणजे इंटरॅक्शन आहे, वयस्कांना अवघडपणा जास्त जड जातो. पण प्रमाण बघा, ६०० भागिले ५०० म्हणजे १.२ आणि ९६० भागिले ८०० पण १.२. लॉग घेतला की इंटरॅक्शन गायब. खरं काय? ते तुमच्या थिअरीने सांगायचं, एसपीएसएस सांगणार नाही. रेषा छेदणारं इंटरॅक्शन मात्र असल्या बदलाने पुसलं जात नाही, कारण कोण वर आणि कोण खाली हा क्रमच उलटलेला असतो. पाणबुड्यांच्या आकड्यांत तसंच आहे.

तिसरा व्हेरिएबल घ्यावा का

२×२×२ म्हणजे आठ सेल आणि सात टेस्ट: तीन मेन इफेक्ट, तीन टू-वे, एक थ्री-वे. काहीच खरं नसतानाही सातातली एक तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता साधारण ३० टक्के आहे. म्हणून आधी लिहून ठेवलेली एकच टेस्ट तुमची, बाकीच्या "आढळलं, पुढे तपासावं लागेल" या खात्यात.

थ्री-वेचा अर्थ एवढाच की टू-वे इंटरॅक्शन तिसऱ्या व्हेरिएबलवर अवलंबून आहे. गॉडन-बॅडली यांनी १९८० मध्ये आठवून लिहायच्या ऐवजी शब्द ओळखायला लावले तेव्हा जागा जुळण्याचा फायदा मिळाला नाही. मोह होतो म्हणायचा की आठवण्यात फायदा आहे आणि ओळखण्यात नाही, पण हे दोन वेगळे प्रयोग आहेत, आणि एकात आलं, दुसऱ्यात नाही आलं यावरून निष्कर्ष काढणं म्हणजे वरची ०.०३ आणि ०.०९ चीच चूक. त्यासाठी टेस्टचा प्रकार हा तिसरा व्हेरिएबल म्हणून एकाच प्रयोगात हवा. शिवाय २०२१ मध्ये याप मुरे यांनी मूळचा पाणबुड्यांचा प्रयोग परत केला तेव्हा जागा जुळण्याचा फायदा त्यांना मिळालाच नाही, त्यामुळे तुमच्या गोंगाटाच्या प्रयोगात इंटरॅक्शन नाही आलं तर घाबरून डेटा इकडेतिकडे करू नका. चार सरासऱ्या, चार स्टँडर्ड डेव्हिएशन, फरकांचा फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्यात असू शकेल असा आकड्यांचा पट्टा), एवढं जसंच्या तसं लिहा. व्हायवाला "इंटरॅक्शन नाही म्हणजे परिणाम नाहीच का" असं विचारतील, तेव्हा तो इंटरव्हल दाखवा: तो −१ ते १ असेल तर मोठा परिणाम नाही असं म्हणता येतं, −४ ते ६ असेल तर एवढ्या माणसांत काहीच सांगता येत नाही.